गुलाब, ऋतु आणि पुष्परचना

वार्षिक पारितोषिक समारंभाचा दिवस जवळ आला कीं प्रत्येक शाळेंत फुलदाण्यांचा शोध सुरू होतो. कोणी बाजारांतून गुलाबांच्या जुड्या आणितो, कोणी घरच्या परसांतील झेंडू व शेवंती आणितो, आणि मग पाहुण्यांच्या मेजावर तीं सारीं फुलें दाटीवाटीनें कोंबलीं जातात. अध्यक्षांचें भाषण संपण्यापूर्वींच गुलाबांच्या माना खालीं पडतात. हें वर्षानुवर्षें पाहून आमच्या मनांत प्रश्न आला कीं, फुलें मांडणें ही खरोखर शिकण्याजोगी विद्या आहे काय? आणि असल्यास, जिच्या घरीं फुलांसाठीं खर्चावयास पैसा नाहीं अशा मुलीनें ती कां शिकावी? या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एका इंग्रज शिक्षिकेनें आपल्या आयुष्यानें दिलें. तिची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

कॉन्स्टन्स स्प्राय यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजीं इंग्लंडांतील डर्बी शहरीं झाला. वडील शिक्षणखात्यांत अधिकारी होते. त्यांच्या नोकरीनिमित्त हें कुटुंब आयर्लंडांत जाऊन राहिलें. कॉन्स्टन्स यांनीं आरोग्यशास्त्राचें शिक्षण घेतलें, आणि आयर्लंडांतील स्त्रियांस स्वच्छता, प्रथमोपचार व घरगुती रुग्णशुश्रूषा यांविषयीं व्याख्यानें देण्याचें काम पत्करिलें. क्षयरोगानें त्या देशांत त्या काळीं मोठा कहर मांडिला होता. गरिबांच्या घरांत जाऊन, त्यांच्याजवळ जें आहे त्यांतूनच चार गोष्टी बऱ्या कशा करितां येतील हें दाखविण्याची संवय त्यांस येथेंच लागली असावी. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत त्या इंग्लंडांत परतल्या आणि १९२१ सालीं लंडनच्या पूर्व भागांतील होमर्टन व साउथ हॅकनी येथील एका शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या.

ही शाळा नेहमींच्या शाळांसारखी नव्हती. चौदाव्या वर्षीं शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलामुलींसही आठवड्यांतून कांहीं तास शिक्षण मिळावें, असा हेतु १९१८ च्या इंग्लंडच्या शिक्षणविषयक कायद्यानें धरिला होता. त्याच हेतूनें ही शाळा निघाली होती. विद्यार्थी बहुतेक कारखान्यांत राबणारे. पूर्व लंडन म्हणजे धूर, दाटी आणि दारिद्र्य यांचें आगर. तेथील मुलींस स्वयंपाक व शिवणकाम शिकविणें कोणालाही योग्यच वाटेल. परंतु स्प्राय बाईंनीं त्यांस फुलांची रचनाही शिकविली. ज्यांच्या घरीं पुरेसें अन्न नाहीं त्यांस फुलें काय करावयाचीं, असा आक्षेप कोणीही घेईल, आणि तो आक्षेप क्षुल्लक नव्हे. परंतु बाईंचा अनुभव असा कीं, दिवसभर यंत्रापुढें उभ्या राहणाऱ्या मुलीच्या हातांत एक रानटी डहाळी व एक साधा वाडगा दिला, आणि यांतून कांहीं सुंदर कर असें सांगितलें, म्हणजे तिची चर्या बदलते. आपल्या हातून सुंदर वस्तु निर्माण होऊं शकते हें ज्ञान तिला त्या दिवशीं प्रथम होतें. हें ज्ञान श्रीमंतांनींच कां बाळगावें?

या शाळेंतील काम सोडल्यावर, वयाच्या बेचाळिशींत, म्हणजे १९२९ च्या सुमारास, त्यांनीं लंडनमध्यें फुलांचें एक लहानसें दुकान उघडिलें. त्या वेळच्या फुलांच्या दुकानांत ठराविक माल असे. काचगृहांत वाढविलेलीं कार्नेशनचीं फुलें, त्यांबरोबर नाजूक पाल्याच्या दोन काड्या, आणि वरून तारेनें बांधलेला कडक गुच्छ, इतकेंच. स्प्राय बाईंनीं हा पाठ सोडून दिला. ओल्ड बाँड स्ट्रीटवरील ॲटकिन्सन या अत्तरांच्या दुकानाची खिडकी सजविण्याचें काम त्यांजकडे आलें, तेव्हां त्यांनीं तेथें कुंपणावरच्या वेली, रानफुलें आणि बियांचीं बोंडें मांडिलीं. जीं झुडपें लोक रोज पायांखालीं तुडवीत तींच खिडकींत पाहण्यास रस्त्यांत गर्दी जमूं लागली. केल नांवाच्या कोबीवर्गीय भाजीचीं पानें त्यांनीं गुलाबांच्या शेजारीं बसविलीं. लिंडन वृक्षाच्या डहाळ्यांवरील मोठीं पानें काढून टाकून त्यांचा फिकट हिरवा मोहोर उघडा केला. पात्रेंही तशींच. केक भाजण्याचे पत्रे, रश्शाचीं भांडीं, झांकण हरवलेलीं तसराळीं, यांतील एकही वस्तु त्यांनीं त्याज्य मानिली नाहीं.

यावरून कोणी असें समजूं नये कीं हा केवळ विक्षिप्तपणा होता. त्यामागें एक नियम होता, आणि तो नियम ऋतूंचा होय. हा नियम नीट समजण्यासाठीं इंग्लंडचें ऋतुचक्र थोडें ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याकडे वर्षाचे मुख्य भाग उन्हाळा, पावसाळा व हिवाळा हे होत. तेथें पाऊस बारमाही. ऋतु बदलतो तो थंडीनें आणि दिवसाच्या लांबीनें. डिसेंबरांत लंडनचा दिवस आठ तासांच्या आंत येतो, तर जूनमध्यें तो साडेसोळा तासांवर जातो. हिवाळ्यांत झाडें निष्पर्ण होतात. मार्च व एप्रिलमध्यें डॅफोडिलची फुलें निघतात, मे महिन्यांत कुंपणावरचे काटेरी हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनीं भरून जातात, आणि जूनमध्यें गुलाबांचा राजदरबार भरतो. सप्टेंबरपासून पानें तांबडीं होऊं लागतात, आणि रानगुलाबांवर फुलांच्या जागीं लाल फळें दिसूं लागतात.

स्प्राय बाईंचें काम या चक्राबरोबर फिरे. हिवाळ्यांत त्या दगडफुलानें माखलेल्या नुसत्या काटक्या वापरीत. ख्रिस्तजन्माच्या सुमारास फुलणारें ‘ख्रिसमस रोज’ मिळालें तर त्याची पांच पाकळ्यांची पांढरी फुलें. (नांवांत गुलाब असला तरी ही वनस्पति गुलाबाच्या कुळांतील नव्हे, हें आमच्या बालवाचकांनीं लक्षांत ठेवावें.) वसंतांत मोहोराच्या फांद्या, जूनमध्यें गुलाब, आणि शरदांत फळें, बोंडें व पिकलीं पानें. ज्या महिन्यानें जें दिलें तें घ्यावें, आणि जें दिलें नाहीं त्याचा शोक करूं नये, असा हा मार्ग होता. दरिद्री घराला तो सहज परवडतो. कारण ऋतूचें देणें स्वस्त असतें, आणि ऋतूविरुद्ध मागितलेली वस्तु नेहमींच महाग पडते.

आतां गुलाबांविषयीं. स्प्राय बाईंची खरी प्रीति जुन्या गुलाबांवर होती. गॅलिका, डमास्क, आल्बा, सेंटिफोलिया अशीं यांच्या कुळांचीं नांवें आहेत. बाजारांतील आजचा गुलाब लांब देंठाचा व टोंकदार कळीचा असतो. जुन्या गुलाबाची ठेवण निराळी. त्याचें फूल पसरट, वाटीसारखें, आणि शेंकडों नाजूक पाकळ्यांच्या घड्यांनीं भरलेलें. रानगुलाबाला मुळांत पाकळ्या पांचच. माळ्यांनीं पिढ्यानपिढ्या निवड करून त्याच्या पुंकेसरांच्या जागीं पाकळ्या आणविल्या, तेव्हां हें भरगच्च रूप आलें. रंग पांढरा, गुलाबी, किरमिजी व जांभळट. पिवळा व नारिंगी यांत बहुधा नाहींत. सुगंध मात्र असा कीं एक फूल खोली भरून टाकतें.

परंतु या गुलाबांत एक उणीव आहे, निदान माळी तिला उणीव म्हणतात. ते वर्षांतून एकदांच फुलतात. जूनमध्यें तीनचार आठवडे झाड फुलांनीं वांकतें, आणि मग पुढच्या जूनपर्यंत केवळ पानें. असें कां व्हावें? गुलाबाच्या झाडांत फुलण्यास आळा घालणारा एक आनुवंशिक घटक, म्हणजे जीन, असतो. वसंतांत त्याचा जोर ओसरतो व कळ्या येतात. मग तो पुन्हां जागा होतो, आणि त्यानंतरच्या नव्या फुटव्यांना केवळ पानें येतात. चिनी गुलाबांत या घटकाच्या मधोमध जनुकद्रव्याचा एक परका तुकडा घुसून तो निकामी झालेला आहे. त्यामुळें चिनी गुलाबाचा नवा फुटवा फुलानेंच संपतो, आणि झाड उबदार दिवस असेपर्यंत फुलत राहतें. ही गोष्ट जपानी व फ्रेंच शास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केली. पण तिचा लाभ माळ्यांनीं पूर्वींच घेतला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी गुलाब युरोपांत पोंचले, त्यांचा तेथील गुलाबांशीं संकर झाला, आणि १८६७ सालीं फ्रान्समध्यें ‘ला फ्रान्स’ हा वारंवार फुलणारा गुलाब निघाला. त्यापासून आधुनिक गुलाबांचें युग मोजितात. पुढें १९०० सालीं ‘सोलेय् द’ऑर’ हा पिवळ्या-नारिंगी झांकीचा गुलाब आला, आणि मग नव्या रंगांचा पूर लोटला. एकदांच फुलणारे जुने गुलाब कोणी विचारीना. बागांतून ते उपटले जाऊं लागले.

स्प्राय बाईंनीं हे टाकलेले गुलाब शोधून काढून गोळा केले व आपल्या बागेंत लाविले. आपल्या रचनांतून त्यांनीं ते लोकांस पुन्हां दाखविले. त्यांचा हा संग्रह ग्रॅहॅम स्टुअर्ट टॉमस या गुलाबतज्ज्ञांनीं पाहिला, आणि जुन्या गुलाबांच्या जतनाचें काम त्यांनीं पुढें जन्मभर चालविलें. इंग्लंडांतील मॉटिसफाँट येथें १९७० नंतरच्या दशकांत त्यांनीं जुन्या गुलाबांची जी बाग उभी केली ती आजही जूनमध्यें लोक लांबून येऊन पाहतात. फुलांच्या एका दुकानदारणीच्या आवडीनें कित्येक वाण नामशेष होण्यापासून वांचण्यास हातभार लागला, ही गोष्ट थोडी नव्हे.

रचनेच्या विद्येंतील कांहीं व्यवहाराच्या गोष्टी येथें सांगणें उपयुक्त होईल. तोडलेलें फूल म्हणजे मूळ नसलेलें झाड. त्याच्या देंठांत केंसाहून बारीक नळ्या असतात, व त्यांतून पाणी वर चढतें. देंठ तोडून हवेंत ठेविला कीं या नळ्यांत हवा शिरून वाट अडते, आणि पाण्यांत उभें असूनही फूल तहानेनें मरतें. समारंभांतील गुलाबांच्या माना पडण्याचें मुख्य कारण हेंच. म्हणून गुलाब भल्या पहांटे किंवा सूर्यास्तानंतर तोडावे; दोनप्रहरीं कधींही तोडूं नयेत. देंठाचें टोंक धारदार चाकूनें पुन्हां तिरपें कापावें, आणि तें शक्य तर पाण्याखालींच. पाण्यांत बुडणारीं सर्व पानें काढून टाकावीं, कारण तीं कुजून पाण्यांत सूक्ष्म जंतु माजतात व त्यांनींही नळ्या बुजतात. मग फुलें खोल पाण्यांत, गार व अंधाऱ्या जागीं रात्रभर ठेवावीं, आणि नंतरच मांडावीं. पूर्वीं टणक देंठ हातोडीनें ठेंचण्याची चाल होती. ठेंचल्यानें नळ्याच मोडतात, असें आतां कळून आल्यामुळें स्वच्छ तिरपा काप हाच उत्तम मानितात.

मांडणीसाठीं स्प्राय बाई एक युक्ति करीत. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी चुरगळून त्या भांड्यांत बसवीत. जाळीच्या भोंकांत देंठ हवा तसा कलता राहतो, व प्रत्येक फूल झाडावर असावें तसें मोकळें दिसतें. फूल दुसऱ्या फुलाला दडपणार नाहीं इतकी जागा ठेवावी, आणि डहाळीची नैसर्गिक वांकण मोडूं नये. या दोन गोष्टी पाळल्यास सहा गुलाब साठ गुलाबांचें काम करितात.

बाईंची कीर्ति लवकरच वाढली. १९३४ सालीं त्यांचा पुष्परचनेवरील ग्रंथ निघाला. जून १९३७ मध्यें विंडसरच्या ड्यूकचा विवाह फ्रान्समध्यें झाला, तेव्हां फुलें मांडण्यास त्या स्वतः गेल्या. १९४७ सालीं राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहाची पुष्परचना त्यांजकडे होती, आणि २ जून १९५३ रोजीं त्याच एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणसमारंभाच्या फुलांचें कामही त्यांजवर सोंपविलें गेलें. त्या दिवशीं परदेशच्या पाहुण्यांस जें भोजन दिलें गेलें तें बाई व त्यांच्या सहकारिणी रोझमेरी ह्यूम यांच्या संस्थेंतील विद्यार्थिनींनीं तयार केलें. त्यांतील कोंबडीच्या एका थंड पदार्थांत आपल्या मसाल्याच्या जातीची करी पावडर होती, आणि तो पदार्थ इंग्लंडांत अजून आवडीनें खातात. परंतु दरबारीं मानापेक्षां आम्हांस त्यांचें दुसरें एक काम अधिक मोलाचें वाटतें. दुसऱ्या महायुद्धांत अन्नाची टंचाई झाली, तेव्हां १९४२ सालीं त्यांनीं घरच्या बागेंतील भाजीपाल्यावर पुस्तक लिहून लोकांस आपलें अन्न आपण पिकविण्याचें उत्तेजन दिलें. फुलांची उपासक स्त्री संकटकाळीं भाजीकडे वळली, यांत विरोध कांहीं नाहीं. दोहोंच्या मुळाशीं ऋतूचें ज्ञान एकच.

३ जानेवारी १९६० रोजीं त्यांचें निधन झालें. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनीं, २००४ सालीं, लंडनच्या डिझाइन म्यूझियमनें त्यांच्या कार्याचें प्रदर्शन भरविलें, आणि वाद उसळला. यंत्रें व उपयुक्त वस्तु यांच्या रचनेसाठीं असलेल्या संग्रहालयांत फुलदाण्यांना स्थान कशाला, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. संस्थेचे अध्यक्ष जेम्स डायसन यांनीं, संस्था आपल्या मूळ हेतूपासून ढळत आहे असें म्हणून, राजीनामा दिला. जी वस्तु चार दिवसांत कोमेजते तिला विद्या म्हणावें काय, हा त्या वादाचा गाभा होता. आमच्या मतें हा निकष अपुरा आहे. गायन तर चार क्षणांतच विरतें, आणि आईनें केलेली भाकरी त्याच दिवशीं संपते; पण गाणारा गळा आणि भाकरी थापणारा हात मागें राहतो, व तो दुसऱ्यास शिकवितां येतो. होमर्टनच्या मुलींना जें मिळालें तें फुलदाणींत नव्हतें. तें त्यांच्या हातांत व डोळ्यांत होतें.

बाईंचें नांव आज एका गुलाबाला आहे. डेव्हिड ऑस्टिन या इंग्रज संवर्धकानें ‘बेल इसिस’ हा जुना गॅलिका गुलाब आणि ‘डेंटी मेड’ हा वारंवार फुलणारा नवा गुलाब यांचा संकर केला, व १९६१ सालीं त्या रोपाला ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ असें नांव देऊन तें लोकांपुढें आणिलें. फूल मोठें, फिकट गुलाबी, वाटीसारखें व अतिशय सुवासिक. परंतु वारंवार फुलण्याचा गुण पहिल्या पिढींत दबून राहतो. दोन्हीं बाजूंनीं निकामी घटक आला तरच तो प्रगट होतो. म्हणून हा गुलाब आपल्या जुन्या पूर्वजाप्रमाणें वर्षांतून एकदांच, उन्हाळ्याच्या आरंभीं, फुलतो. ऑस्टिन यांनीं पुढें या संततीचा नव्या गुलाबांशीं पुन्हां संकर केला, आणि १९६९ पासून जुन्या रूपाचे व वारंवार फुलणारे गुलाब बाजारांत आणिले. ते आज जगभर लाविले जातात. बाईंच्या नांवाच्या गुलाबानें मात्र आपला जून सोडिला नाहीं.

आज गुलाबाला ऋतु उरला नाहीं, असें म्हटलें तरी चालेल. युरोपच्या भर हिवाळ्यांत, १४ फेब्रुवारीच्या प्रेमदिनासाठीं, केन्या, इथिओपिया, कोलंबिया व इक्वेडोर येथून विमानें भरून गुलाब जातात. आपल्या पुणें जिल्ह्यांतील मावळ तालुक्यांतूनही ते जातात. तेथील शेतकरी प्लास्टिकच्या आच्छादनाखालीं, म्हणजे पॉलीहाऊसमध्यें, गुलाब वाढवितात. फेब्रुवारीच्या आरंभीं कळी हातीं यावी म्हणून सुमारें दीड महिना आधीं, डिसेंबरच्या मध्यास, ते झाडांची छाटणी करितात. यांत हिशोब आहे, कष्ट आहेत, आणि अनेक कुटुंबांचें पोट आहे. त्याला नांवें ठेवणें आम्हांस शोभणार नाहीं. मात्र जें सर्वकाळ मिळतें त्याकडे लक्ष कमी जातें, हा मनुष्यस्वभाव आहे. उघड्या बागेंत आपल्याकडेही पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरांत, गुलाब छाटितात, आणि सहा-सात आठवड्यांनीं पहिला बहर येतो. ते सहा-सात आठवडे ज्यानें रोज सकाळीं झाडापाशीं जाऊन फुटवे पाहिले, त्याला पहिल्या फुलाचा जो आनंद होतो तो जुडी विकत घेणाऱ्यास होत नाहीं.

रानांतील फुलांना शलमोनाच्या वैभवापेक्षां थोर मानणारें प्रभुवचन आपण शाळेंत पुष्कळदां ऐकतों. तें ऐकून रानांत जाऊन तीं फुलें पाहणारे मात्र थोडे. म्हणून आमची विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एक सूचना आहे. येत्या वर्षीं प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारीं मुलांनीं आपल्या घराभोंवतीं, रस्त्याच्या कडेला व माळावर काय फुललें आहे तें एका वहींत लिहून ठेवावें. भाद्रपदांतील तेरडा, फाल्गुनांतील पळस, वैशाखांतील बहावा, आणि ज्यांचीं नांवें आजीलाच ठाऊक असतील तीं गवतफुलेंही. जेथें विपुल असेल तेथूनच, मालकास विचारून, एकदोन डहाळ्या आणाव्या. आईकडून एखादा जुना तांब्या अथवा वाडगा मागून घ्यावा. आणि त्या मोकळेपणानें मांडाव्या. पालकांनीं हा वेळ वायां गेला असें मानूं नये. पुढच्या पारितोषिक समारंभास पाहुण्यांच्या मेजावर बाजारची जुडी नसून त्या महिन्याची आपल्याच गांवची डहाळी असली, आणि ती कोणत्या झाडाची व आजच कां फुलली हें एखाद्या मुलीला उभें राहून सांगतां आलें, तर स्प्राय बाईंची शाळा आपल्याही गांवीं भरली असें आम्ही समजूं.